नवी गाडी ताब्यात घेताना: यार्डातल्या तपासणीपासून पहिल्या आठवड्यापर्यंत

नवी गाडी डिलिव्हरीच्या दिवशी तपासायला गेलात, तर उशीर झालेला असतो. तोवर सगळे पैसे भरून झालेले असतात, पासिंग (आरटीओतली नोंदणी) झालेलं असतं, विमा तुमच्या नावावर निघालेला असतो. गाडी कागदोपत्री तुमची झाली, की डीलर ती बदलून द्यायचा विचारच करत नाही, दुरुस्त करून देतो. दारावर डेंट दिसला तर दार रंगवून मिळतं. तोच डेंट पासिंगच्या आधी दाखवला असता, तर दुसरी गाडी मागता आली असती.

म्हणून दोन फेऱ्या धरून चाला. पहिली फेरी डीलरच्या यार्डात, पासिंग आणि उरलेली रक्कम भरणं या दोन्हींच्या आधी. दुसरी डिलिव्हरीच्या दिवशी. खरी तपासणी पहिल्या फेरीत होते. दुसऱ्या फेरीत एवढंच पाहायचं, की मधल्या काळात गाडीला काही झालं नाही ना, ॲक्सेसरीज नीट बसल्या ना आणि कागद बरोबर आहेत ना. घरच्यांच्या आणि मित्रमंडळींच्या गाड्या घ्यायला मी बरेचदा सोबत गेले आहे. मनस्ताप झाला तो जवळजवळ दर वेळी या दोन फेऱ्या एकाच दिवसात उरकल्यामुळे.

डीलर स्वतःही डिलिव्हरीआधी गाडी तपासतो. या तपासणीला पीडीआय (प्री-डिलिव्हरी इन्स्पेक्शन) म्हणतात आणि प्रत्येक कंपनीची त्यासाठी ठरलेली यादी असते. त्या भरलेल्या यादीची सहीशिक्क्याची प्रत जरूर मागा, पण तिच्या भरवशावर स्वतःची तपासणी सोडू नका.

१. बुकिंग करतानाच लिहून घ्या

बुकिंगच्या पावतीवर किंवा ई-मेलमध्ये एक वाक्य हवं: ग्राहक पासिंगआधी गाडी स्वतः तपासेल आणि पसंत पडल्यावरच उरलेली रक्कम भरेल. तोंडी होकार लगेच मिळतो, पण महिनाअखेर विक्रीचा आकडा गाठायची वेळ आली की तो कुणाच्या लक्षात राहत नाही. लेखी असलं की बोलणं सोपं जातं.

दुसरी मागणी चॅसिस नंबरची, म्हणजे प्रत्येक गाडीला मिळणाऱ्या स्वतंत्र ओळख-क्रमांकाची. तुमच्यासाठी ठरवलेल्या गाडीचा नंबर आधी कळवायला सांगा. तो हातात आला की गाडीचं वय काढता येतं, आणि बऱ्याच कंपन्यांच्या वेबसाइटवर तो टाकून त्या गाडीला काही रिकॉल (दोष निघाल्यामुळे कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावणं) लागू आहे का तेही बघता येतं. रिकॉलचं काम बाकी असेल तर ते डिलिव्हरीआधी करून मागा.

कर्ज काढलं असेल तर इथे एक फसगत होते. बँक रक्कम थेट डीलरच्या खात्यात भरते आणि बऱ्याचदा तुम्ही गाडी बघायच्या आधीच भरून मोकळी होते. 'मी कळवल्याशिवाय रक्कम सोडू नका' असं बँकेला लेखी कळवा.

२. सोबत काय न्यायचं

- बुकिंगची पावती, कोटेशन आणि ठरलेल्या ॲक्सेसरीजची यादी
- तुमच्या व्हेरिएंटची वैशिष्ट्यं दिलेलं कंपनीचं माहितीपत्रक, छापून
- ओळखपत्र (यार्डात शिरताना बऱ्याच ठिकाणी मागतात)
- चांगला टॉर्च; मोबाइलच्या उजेडावर गाडीखालचं नीट दिसत नाही
- स्वच्छ मऊ मायक्रोफायबर कापड
- टायरमधली हवा मोजायचा गेज आणि मिळालाच तर मल्टिमीटर
- फोन जोडायची केबल
- एक जवळचा माणूस

शेवटच्याला यादीत मुद्दाम घातलंय. एकाने गाडीत बसून ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्याने मागे उभं राहून दिवे बघायचे, एवढ्यासाठीच नाही. नव्या गाडीसमोर उभं राहिलं की आपण हरखून जातो. ज्याला ती गाडी घ्यायची नाही, त्याची नजर जास्त स्वच्छ असते.

वेळ दिवसाउजेडीची मागा आणि गाडी कोरडी हवी असं सांगा. ओल्या पत्र्यावर ओरखडे दिसत नाहीत, आणि संध्याकाळी शोरूमच्या झगमगाटात डेंट लपतात. धुळीने भरलेली गाडी समोर आली तर साध्या पाण्याने धुऊन कोरडी करायला सांगा. पॉलिश मात्र करू देऊ नका, त्याखाली बारीक ओरखडे झाकले जातात. किमान तासभर हातात ठेवा.

३. गाडी तीच आहे का आणि तिचं वय काय

चॅसिस नंबर, म्हणजेच व्हीआयएन, १७ अक्षरांचा आणि अंकांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. पावतीवर नंबर लिहिताना कुणी शून्याच्या जागी ओ लिहिला असेल तर तिथेच पकडा. हीच चूक पुढे विम्यात आणि नोंदणीत उतरली, तर दुरुस्त करायला खेटे घालावे लागतात.

नंबर गाडीवर एकाहून जास्त ठिकाणी असतो: समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर, आणि चॅसिसवर ठोकलेला. ठोकलेला नंबर बहुधा पुढच्या सीटखालच्या गालिच्याच्या झडपेखाली किंवा बॉनेटच्या आत मागच्या पत्र्यावर सापडतो. सगळीकडचे नंबर एकमेकांशी आणि कागदाशी अक्षर न अक्षर ताडून बघा. प्रत्येकाचा फोटो काढा. इंजिन नंबर वेगळा असतो, तोही टिपा.

वयासाठी एकाच खुणेवर विसंबू नका. बऱ्याच कंपन्या व्हीआयएनमधलं दहावं अक्षर मॉडेल वर्षासाठी वापरतात, पण सगळ्या वापरत नाहीत. शिवाय मॉडेल वर्ष आणि प्रत्यक्ष बनवल्याचं वर्ष यांत फरक असू शकतो. खांबावरच्या स्टिकरवर बऱ्याच गाड्यांत बनवल्याचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. त्याला आधार म्हणून टायरवरचा आकडा, सीट बेल्टच्या तळाशी शिवलेल्या लेबलवरची तारीख आणि बॅटरीवरची तारीख बघा. या तारखा गाडीच्या तारखेच्या काही आठवडे किंवा महिने आधीच्या असणं साहजिक आहे. यातली एखादी गाडीच्या नंतरची निघाली, तर तो भाग बदललेला आहे. का बदलला, ते विचारायचं.

दोन-तीन महिन्यांची गाडी मी निर्धास्त घेईन. सहा महिन्यांहून जुनी असेल तर ती कुठे आणि कशी उभी होती, बॅटरी मधे चार्ज केली का, हे विचारीन. वर्ष उलटलेली गाडी घ्यायचीच असेल तर ठोस सवलत आणि नवी बॅटरी मागा. पुढे विकताना समोरचा गिऱ्हाईक बनवल्याचं वर्षच बघतो.

ओडोमीटरवर दोन आकडी किलोमीटर असणं ठीक आहे, यार्डातली हलवाहलव आणि तपासणी यात तेवढे होतात. तीन आकडी दिसले तर सरळ विचारा: ती दुसऱ्या ठिकाणाहून चालवत आणली, की टेस्ट ड्राइव्हला वापरली? पहिल्या फेरीतला आकडा फोटोत टिपा, म्हणजे डिलिव्हरीपर्यंत किती वाढला ते कळेल.

४. बाहेरचा पत्रा आणि रंग

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. नवी गाडी कारखान्यातून थेट तुमच्याकडे येत नाही. ट्रेलर, रेल्वे, कधी जहाज, मग मोठं यार्ड, मग छोटं यार्ड असा तिचा प्रवास असतो, आणि प्रत्येक टप्प्यावर ती कुणीतरी चढवतो, उतरवतो, दाटीत उभी करतो. तिथे ओरखडा पडला तर डीलरच्या वर्कशॉपमध्ये तो भाग रंगवला जातो आणि बऱ्याचदा ग्राहकाला कळतही नाही.

रंग समोरून बघू नका. पॅनेलच्या टोकाशी उभे राहा, वाका आणि नजर पत्र्याला जवळजवळ समांतर ठेवून बघा. यार्डाच्या छपराची कड, विजेची तार, कुठलीही सरळ रेघ त्या पत्र्यात कशी दिसते ते पाहा. एका पांढऱ्या गाडीवर छपराची कड पुढच्या दारात सरळ धावत होती आणि मागच्या दारात शिरली की हलकीशी थरथरल्यासारखी दिसत होती. दार उघडून कडेचं बीडिंग रबर जरा मागे सारलं, तर खाली रंगाची बारीक पायरी होती, नखाला अडकेल एवढीच. मास्किंग टेप लावून रंग मारला की अशी कड राहते, कारखान्यात संपूर्ण बॉडी रबर बसवायच्या आधी रंगते म्हणून तिथे ती असू शकत नाही. वाहतुकीत दार घासलं होतं. पासिंग झालेलं नव्हतं, म्हणून तक्रार न करता दुसरी गाडी मिळाली.

हे असं प्रत्येक पॅनेलचं करायचं. सोबत या खुणा बघा:

- पॅनेलमधल्या फटी. बॉनेटची डावी फट आणि उजवी फट सारखी हवी. दारांचं आणि डिकीचंही तेच. किंचित फरक कारखान्यातूनही येतो, पण एका बाजूला बोट जातं आणि दुसरीकडे नख जात नाही, असं चालत नाही.
- बोल्ट. बॉनेटच्या बिजागऱ्या, फेंडर आणि दारांच्या बिजागऱ्यांचे बोल्ट बघा. त्यांच्यावरचा रंग तडकलेला असेल किंवा कडांवर पान्याच्या खुणा असतील, तर तो भाग कुणीतरी काढला होता. काही गाड्यांत हे बोल्ट मुळातच बिनरंगाचे असतात, म्हणून दोन्ही बाजू एकमेकींशी ताडून बघा.
- रंगाचे कण. रबरावर, काचेच्या कडेला, प्लॅस्टिकच्या पट्टीवर, चाकाच्या कमानीच्या आत रंगाचा बारीक फवारा दिसतो का?
- बंपर आणि दार यांच्या छटा. बंपर प्लॅस्टिकचा असल्याने त्याची छटा जराशी वेगळी दिसणं साधारण आहे. पण पत्र्याच्या दोन शेजारच्या भागांत फरक दिसला तर थांबा.
- छप्पर. बघायचं हमखास राहून जातं. पायरीवर किंवा स्टुलावर चढून बघा.
- बंपरच्या खालची कड आणि दारांखालची पट्टी. ट्रेलरवर चढवताना इथेच घासतं. गुडघ्यावर बसून टॉर्च मारा.

रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र कुणाकडे मिळालं तर सोन्याहून पिवळं. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो, मॉडेलनुसार थोडा कमी-जास्त. अचूक आकड्यापेक्षा पॅनेलांमधला फरक महत्त्वाचा: सगळीकडे ११० ते १३० आणि एकाच दारावर २५० दिसलं, तर ते दार पुन्हा रंगवलंय. प्लॅस्टिकच्या बंपरवर ही साधी यंत्रं चालत नाहीत.

पांढऱ्या गाडीवर तांबूस बारीक ठिपके दिसले तर घाबरू नका. रेल्वेने आलेल्या गाड्यांवर रुळांचे लोखंडी कण बसतात आणि गंजतात. ते योग्य रसायनाने निघतात, डीलरकडून काढून घ्या.

काचांच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याची खूण कोरलेली असते. समोरची काच आणि बाजूच्या काचा वेगवेगळ्या उत्पादकांच्या असू शकतात. पण डाव्या आणि उजव्या दाराच्या काचा वेगळ्या निघाल्या तर एक फुटून बदलली असण्याची शक्यता धरा. दिव्यांच्या आत हलकं धुकं धरणं चालतं. पाण्याचे थेंब किंवा तळाशी साचलेलं पाणी चालत नाही.

५. टायर आणि चाकं

टायरच्या बाजूवर लांबोड्या चौकटीत चार अंक असतात. ३५२४ म्हणजे २०२४ सालचा ३५वा आठवडा. हा पूर्ण आकडा काही टायरांवर एकाच बाजूला असतो. बाहेर दिसला नाही तर आतल्या बाजूने टॉर्च मारून बघा. पाचही टायर बघा, स्टेपनीसुद्धा. चारही चाकांवर कंपनी, नक्षी आणि माप एकच हवं, आणि माप माहितीपत्रकातल्याशी जुळायला हवं. १९५/६५ आर१५ नंतरचं ९१एच हेही वाचा: ९१ म्हणजे टायर ६१५ किलो भार पेलतो आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. टायरवर फिरायच्या दिशेचा बाण असेल तर तो पुढच्या बाजूकडे वळतो ना, ते पाहा.

यार्डात उभ्या गाड्यांच्या टायरांत बऱ्याचदा मुद्दाम जास्त हवा भरून ठेवतात, म्हणजे एका जागी दबून टायर चपटा होऊ नये. ती डिलिव्हरीआधी कमी करायची असते आणि ते बरेचदा राहून जातं. गाडी उगाच आदळल्यासारखी चालते आणि ब्रेक लावताना पकडही कमी मिळते. बरोबर आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत लिहिलेला असतो, तो टायर थंड असतानाचा असतो.

रिमच्या कडा बोटाने चाचपा. ब्रेक डिस्कवर तांबूस गंजाचा पातळ थर असणं नेहमीचं आहे, थोडं चालवून ब्रेक लावले की निघतो. खड्डे पडलेली डिस्क मात्र स्वीकारू नका.

६. बॉनेट उघडून

तुम्ही पोचायच्या आधी इंजिन सुरू करू नका, असं आदल्या दिवशीच सांगून ठेवा. थंड इंजिन पहिल्या झटक्यात कसं सुरू होतं, आवाज काय येतो, धूर कुठल्या रंगाचा येतो, हे गरम इंजिनात कळत नाही. बॉनेटवर हात ठेवून खात्री करा.

कूलंट आणि ब्रेक ऑइल खुणांच्या दरम्यान हवं. डिपस्टिक असेल तर ऑइल पुसून, पुन्हा बुडवून बघा. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी पूड नको. मल्टिमीटर असेल तर गाडी काही तास बंद असताना साध्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. १२.४ च्या खाली असेल तर पूर्ण चार्ज करून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायला सांगा. महिनोन्‌महिने अर्धवट चार्जवर पडून राहिलेल्या बॅटरीचं आयुष्य कमी झालेलं असतं, मग ती आज गाडी सुरू करत असली तरी.

कुरतडलेल्या वायरी, वाळलेली पानं, घरट्याचं गवत दिसतं का बघा. बराच काळ उभ्या गाडीत उंदरांचा वावर होतो. इंजिन दहा मिनिटं चालू ठेवा, गाडी पुढे घ्या आणि उभी होती त्या जागी डाग पडलाय का बघा. एसी चालू असेल तर निव्वळ पाणी पडणं साधारण आहे.

७. आत बसून

आधी डॅशबोर्ड. इंजिन सुरू न करता चावी 'ऑन'वर फिरवली, किंवा ब्रेक न दाबता स्टार्ट बटणाने गाडी 'ऑन' केली, की इंजिन, एबीएस, एअरबॅग यांचे दिवे लागायला हवेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवेत. लागलेला दिवा विझला नाही तर दोष आहे, हे सगळ्यांना कळतं. पण एखादा दिवा मुळात लागलाच नाही तर तेही तितकंच गंभीर आहे, आणि ते पटकन लक्षात येत नाही. कुठले दिवे लागायला हवेत ते पुस्तिकेत दिलेलं असतं.

मग माहितीपत्रक हातात घेऊन ओळीने एकेक गोष्ट चालवून बघा. प्रत्येक काच खाली-वर, प्रत्येक दाराचं लॉक आणि मुलांचं लॉक, सगळे सीट बेल्ट झटका देऊन अडकतात का, सगळे दिवे, हॉर्न, वायपर, काच धुण्याचं पाणी, मागच्या काचेचा डीफॉगर, एसीची प्रत्येक जाळी, कॅमेरा, सेन्सर, सगळे चार्जिंग पोर्ट, फोनची जोडणी. हे कंटाळवाणं आहे, तरी पूर्ण करा. व्हेरिएंटमध्ये लिहिलेली गोष्ट गाडीत नसणं, असं खरंच घडतं. काही गाड्या वाहतुकीसाठीच्या खास मोडमध्ये असतात आणि त्यात काही सुविधा बंद ठेवलेल्या असतात. तसं सांगितलं तर तो मोड काढून दाखवायला सांगा.

गालिच्यांना हात लावा, विशेषतः पुढच्या सीटसमोर आणि मागच्या पायांच्या जागी. ओल, कुबट वास, सीटच्या रुळांवर गंज, बेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर तळाशी चिखलाची रेघ, यातलं काहीही दिसलं तर गाडी पाण्यात होती असं धरून चाला आणि नकार द्या. इथे तडजोड नको.

८. डिकीत

स्टेपनी, जॅक, चाकाचा पाना, ओढून नेण्याचा हुक, इशाऱ्याचा त्रिकोण. स्टेपनी लहान मापाची असेल तर तिच्यावर वेगमर्यादा छापलेली असते, बहुधा ताशी ८० किलोमीटर. स्टेपनीऐवजी पंक्चरचं किट असेल तर त्यातल्या द्रवाच्या बाटलीवर मुदत असते, ती वाचा. चाकांना लॉक नट (चाक चोरीला जाऊ नये म्हणूनचे खास नट) असतील तर त्यांचं छोटं अडॅप्टर डिकीत आहे का ते नक्की पाहा. ते बऱ्याचदा वर्कशॉपमध्येच विसरलं जातं, आणि रस्त्यात चाक पंक्चर झाल्यावरच कळतं. स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी किंवा गंज नको.

९. इलेक्ट्रिक गाडी असेल तर

पत्रा, टायर, आतली बाजू हे सगळं तसंच. शिवाय गाडी तुमच्यासमोर चार्जिंगला लावायला सांगा, शक्य तर घरगुती चार्जर आणि फास्ट चार्जर दोन्हींवर. सोबत मिळणारी केबल किंवा चार्जर कोटेशनमध्ये लिहिल्याप्रमाणे आहे का बघा. डॅशबोर्डवर दिसणारी रेंज आधी गाडी कशी चालवली गेली त्यावरून काढलेली असते, तिच्यावरून बॅटरीबद्दल मत बनवू नका. डीलरकडच्या निदान-यंत्रावरून मुख्य बॅटरीचा आरोग्य-अहवाल काढून घ्या. मुख्य बॅटरीची वॉरंटी गाडीच्या वॉरंटीपासून वेगळी असते. अनेक कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर देतात, तुमच्या कागदावर किती लिहिलंय ते वाचा. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत १२ व्होल्टची छोटी बॅटरीही असते, आणि ती उतरली की भरलेली मुख्य बॅटरी असूनही गाडी सुरू होत नाही. तीही मोजा.

१०. दोष सापडला तर

सगळ्या दोषांना एकाच मापाने मोजू नका. बॉनेटवरचे पुसल्याचे बारीक ओरखडे, टायरमधली जास्त हवा, रेडिओचं जुनं सॉफ्टवेअर, हे दुरुस्त करून घ्या आणि गाडी ठेवा. पुन्हा रंगवलेलं पॅनेल, न जुळणारे नंबर, पाण्याच्या खुणा, इंजिन किंवा एअरबॅगचा न विझणारा दिवा, ठरल्यापेक्षा जुनं साल: यावर दुसरी गाडी मागा. 'उद्या करून देतो, आज सही करा' याला होकार देऊ नका. दोषाची यादी फोटोसह त्याच दिवशी ई-मेल करा आणि गाडी पुन्हा बघितल्यावरच पुढचं पाऊल, असं शांतपणे लिहा. आवाज चढवायची गरज नसते, पैसे अजून तुमच्याकडे आहेत.

पसंत पडली तर तेही लिहून कळवा, चॅसिस नंबरसकट: याच नंबरची गाडी मला हवी आहे.

११. ॲक्सेसरीज

तपासणी आणि डिलिव्हरी यांच्या मधल्या काळात गाडीचं नुकसान होतं ते बहुधा इथेच. मूळ वायर कापून जोडलेला दिवा, कॅमेरा किंवा म्युझिक सिस्टिम पुढे बिघडली, तर कंपनी त्या सर्किटची वॉरंटी नाकारू शकते. वायर न कापता गाडीतल्या तयार कपलरला (जोडणीच्या सॉकेटला) जोडणारी ॲक्सेसरीच घ्या आणि बिलावर तिचं नाव स्वतंत्र लिहून घ्या. गाडीखालच्या कोटिंगने पाणी निघून जायची भोकं आणि सेन्सर बुजू शकतात, म्हणून ते लगेच लावून घ्यायची घाई मी करणार नाही. न मागितलेली वस्तू 'पॅकेज'मध्ये घातली असेल तर बिलातून काढायला सांगा.

१२. डिलिव्हरीच्या दिवशी

आधी गाडीभोवती एक फेरी, मग कागद, फोटो सगळ्यात शेवटी. चाव्या दोन्ही घ्या आणि दोन्हींनी गाडी उघडून, सुरू करून बघा. रिमोटच्या आतली साधी चावी कशी निघते आणि रिमोटचा सेल संपला तर गाडी कशी सुरू करायची, हे तिथेच विचारा.

कागद वाचताना या गोष्टींवर बोट ठेवा:

- बिल: नाव, पत्ता, चॅसिस आणि इंजिन नंबर, कबूल केलेली सवलत
- नोंदणीचा कागद किंवा तिची पावती: तेच नंबर, इंधनाचा प्रकार, रंग, कर्ज असेल तर बँकेचं नाव
- विमा: सुरू होण्याची तारीख आणि वेळ. गाडी यार्डाबाहेर काढायच्या आधीची हवी. जी अतिरिक्त कव्हर सांगितली होती ती खरोखर लिहिली आहेत का?
- वॉरंटी: सुरू होण्याची तारीख. काही वेळा विक्रीचा आकडा दाखवण्यासाठी गाडी कंपनीच्या सिस्टिममध्ये आधीच 'विकली' म्हणून टाकलेली असते आणि वॉरंटी तुमच्या हातात गाडी येण्याआधीच धावायला लागते. सिस्टिममधली तारीख स्क्रीनवर दाखवायला सांगा.
- वाढीव वॉरंटी, सर्व्हिस पॅकेज: पैसे भरले असतील तर प्रमाणपत्र
- पुस्तिका आणि भरलेली पीडीआय यादी

'गाडी सुस्थितीत मिळाली' या कागदावर सही सगळ्यात शेवटी. काही बाकी असेल तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: अमुक वस्तू येणे बाकी, अमुक तारखेपर्यंत. मग फोटो काढून घ्या. गाडी ॲपला जोडली जात असेल तर मालक म्हणून तुमचाच नंबर आहे ना आणि आधी जोडलेले डीलरकडचे फोन काढलेत ना, ते पाहा.

निघताना टाकीत पंपापर्यंत जाण्यापुरतंच इंधन असतं. कुठलं इंधन घालायचं ते झाकणावर वाचूनच भरा.

१३. पहिला आठवडा

पुस्तिकेतलं रनिंग-इनचं, म्हणजे नवी गाडी सुरुवातीला कशी चालवायची याचं पान पहिल्या दिवशीच वाचा. साधारण नियम असा, की पहिले हजार ते दीड हजार किलोमीटर इंजिनावर एकदम जोर द्यायचा नाही, वरच्या गिअरमध्ये अगदी कमी वेगात रडवायचं नाही आणि तासन्‌तास एकाच वेगात चालवायचं नाही. नवे ब्रेक पॅड आणि टायर पूर्ण पकड धरायला काही शे किलोमीटर घेतात, म्हणून पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवा.

सरळ, सपाट रस्त्यावर स्टिअरिंग सरळ धरल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, स्टिअरिंग वाकडं राहतं का, ब्रेक लावताना थरथर जाणवते का, हे बघा. बराच काळ उभ्या गाडीचे टायर सुरुवातीला किंचित धडधडतात. गरम झाल्यावरही धडधड थांबली नाही तर दाखवा. एकदा पावसात किंवा पाण्याच्या फवाऱ्याखाली नेऊन दारं, छप्पर आणि डिकी आतून चाचपून बघा. रात्री हेडलाइट किती वर-खाली पडतात, तेही याच आठवड्यात कळतं.

काही आढळलं तर पहिल्या मोफत सर्व्हिसची वाट बघू नका. फोटो किंवा आवाजाची रेकॉर्डिंग जोडून लगेच ई-मेल करा आणि सर्व्हिस सेंटरला गेल्यावर तक्रार तुमच्या शब्दांत जॉब कार्डवर (कामाची नोंद करतात त्या कागदावर) लिहायला लावा. 'जनरल चेकअप' एवढंच लिहिलेलं जॉब कार्ड पुढे वॉरंटी मागताना कामाला येत नाही. गाडीत काही सापडलं नाही असं त्यांनी सांगितलं, तरी तेही कार्डावर लिहून, तारीख आणि किलोमीटरसह, प्रत घेऊनच बाहेर पडा.